कुंडीतली हवा

घरातला मॉन्स्टेरा पिवळा पडू लागला की पहिला संशय खतावर जातो. मग कुणी गांडूळखताची मूठ टाकतं, कुणी केळीच्या सालींचं पाणी घालतं, कुणी डीएपीचे दाणे पेरतं. झाड आणखी मलूल होतं, म्हणून पाणी वाढवलं जातं आणि एके दिवशी खोड मातीलगत मऊ पडतं. या सगळ्या धडपडीच्या मुळाशी एक समजूत आहे, ती म्हणजे माती हे झाडाचं जेवण. घरातल्या कुंडीपुरती ही समजूत आधी सोडायला हवी, असं माझं ठाम मत आहे. कुंडीतल्या मातीचं पहिलं काम मुळांपर्यंत हवा पोचवण्याचं, दुसरं पाणी धरण्याचं आणि अन्न पुरवण्याचं काम त्यानंतर येतं. माती विकत घेताना मात्र आपण नेमका उलटा क्रम लावतो आणि काळीभोर, जड, ‘कसदार’ दिसणारी माती निवडतो.

माती झाडाला किती खाऊ घालते, याचा हिशेब फार पूर्वी मांडला गेला आहे. ब्रुसेल्सचे वैद्य यान बाप्टिस्ट फान हेल्माँट यांनी 200 पौंड सुकवलेल्या मातीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि 5 वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांवर गेलं, तर मातीचं वजन जेमतेम 2 औंसांनी घटलं. त्यांच्या मृत्यूनंतर 1648 साली हा प्रयोग छापला गेला. झाड केवळ पाण्यातून घडलं, हा त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता. झाडाच्या कोरड्या वजनाचा मोठा वाटा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. पण मातीबद्दलचा आकडा आजही विचार करायला लावतो. नत्र, पालाश, लोह ही द्रव्यं अत्यावश्यक आहेत, पण ती थोडीच लागतात आणि पाण्यात मिसळून वरूनही देता येतात. हवा तशी वरून घालता येत नाही. ती मातीच्या घडणीतच असावी लागते.

मुळंही श्वास घेतात आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू मातीच्या पोकळ्यांतून त्यांच्यापर्यंत येतो. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट संथपणे पसरतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांची कोवळी टोकं गुदमरून मरतात, आणि पाणी शोषण्याचं बरंचसं काम याच टोकांजवळ होत असतं. म्हणून ओल्या मातीतही झाड तहानेने मान टाकतं आणि आपण त्याला आणखी पाणी घालतो. पिथियम आणि फायटोप्थोरा हे मूळकुज घडवणारे जीव अशा ओलीची वाटच पाहत असतात, कारण त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांकडे जातात. दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांत मॉन्स्टेरा मोठ्या झाडांच्या खोडांवर चढतो. पालापाचोळा, कुजकी साल आणि शेवाळ यांत त्याची मुळं मोकळी पसरलेली असतात. पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटाचा आपला मनीप्लांटही असाच चढणारा, आणि अँथुरियमच्या कित्येक जाती तर झाडांवरच वाढतात. पाऊस त्यांच्यावर भरपूर पडतो, पण मुळांशी साचून राहत नाही.

आता आपल्याकडची काळी माती पाहा. बेसॉल्ट झिजून तयार झालेल्या या मातीत पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचा अंश मोठा असतो. पावसाळा संपल्यावरही ती ओल धरून ठेवते, म्हणून रब्बीची ज्वारी तिच्यावर येते. शेतात वरदान ठरलेला हाच गुण कुंडीत घातक ठरतो: ओली असताना ती मुळांभोवती आवळते आणि सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. कोकणातली तांबडी माती तितकी फुगत नाही, पण बारीक कणांची असल्याने कुंडीत तीही दाबली जाते. तिच्यात बारीक रेती मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. थोड्या रेतीने मात्र काम बिघडतंच, कारण रेतीच्या कणांमधल्या जागा माती भरून टाकते आणि गोळा आणखी घट्ट होतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की परसातल्या साध्या मातीत पूर्वी सगळं येतच होतं. ते खरं आहे. पण परसात मातीखाली आणखी माती असते, आणि वरचं पाणी तिच्या ओढीने खोल उतरतं. गांडुळं आणि जुनी मुळं तिथे वाटा करून ठेवतात. कुंडीचा तळ ही ओढ तोडतो. पाण्याने भरलेला स्पंज आडवा धरून ठिबकायचा थांबला की उभा करून पाहावा. त्यातून पुन्हा पाणी गळतं. तसाच कुंडीतही केशाकर्षणाने धरलेल्या पाण्याचा थर तळाशी ठरावीक उंचीपर्यंत राहतोच, आणि ती उंची ठरवतात कण. कण जितके बारीक, तितका हा थर उंच. त्यामुळे उथळ कुंडीत बारीक माती जवळपास वरपर्यंत चिंब राहते. तळाला खडीचा जाड थर देण्याची रूढीही इथे उपयोगी पडत नाही. बारीक मातीतलं पाणी, ती पूर्ण भिजल्याशिवाय, खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. खडीमुळे चिंब थर फक्त वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी ठेवावी, तेवढी पुरते.

इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत 1930च्या दशकात कुंडीसाठी प्रमाण मिश्रण ठरवलं गेलं, तेव्हा उत्तम पोयटा मातीही एकटी वापरली गेली नाही: 7 भाग निर्जंतुक केलेली माती, 3 भाग पीट, 2 भाग जाड वाळू. आपल्याकडे पीटची गरज नाही, नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, आहे. मात्र नुसतं कोकोपीट हाही उपाय नव्हे. ते बारीक असतं, हळूहळू बसतं आणि पुष्कळदा खारट असतं; म्हणून विटेसारखी लादी भिजवून दोन-तीन पाण्यांनी धुवावी. मॉन्स्टेरासाठी मी सुचवेन ते मिश्रण असं: धुतलेलं कोकोपीट आणि नारळाच्या शेंड्यांचे तुकडे समसमान, त्यांच्या निम्मे पक्क्या विटांचे चाळून भुकटी काढलेले बारीक तुकडे, तितकंच गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. भातगिरणी जवळ असेल तर काळं, जळकं तूस जरूर मिसळावं. महागड्या परलाइटवाचून काही अडत नाही.

इतकं मोकळं मिश्रण लवकर सुकेल, रोज पाणी कोण घालणार, ही शंका रास्त आहे. पण विटेचे आणि शेंड्यांचे तुकडे पोटात पाणी धरतात आणि बाहेरची फट मोकळी ठेवतात, त्यामुळे हवा आणि ओल एकमेकींच्या आड येत नाहीत. उन्हाळ्यात पाणी अधिक वेळा द्यावं लागेल हे कबूल. पण तहानलेलं झाड पाणी मिळालं की सहसा लवकर सावरतं, कुजलेली मुळं सावरत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये तर ऊन कमी आणि हवा दमट, पाणी उडतच नाही. त्या दिवसांत वारावर न जाता बोटाची दोन पेरं मातीत घालून पाहावं, आणि कोरडी लागली तरच पाणी घालावं.

चांगलं मिश्रणही कायम चांगलं राहत नाही, हे फारसं सांगितलं जात नाही. कोकोपीट आणि खत कुजत जातात, पोकळ्या मिटतात, मातीची पातळी खाली बसते. बोअरच्या जड पाण्यातले क्षार पांढरी खपली होऊन वर साचतात आणि पानांची टोकं करपतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा साध्या पाण्याने कुंडी भरपूर धुवावी आणि बशीतलं पाणी लगेच ओतून द्यावं. घातलेलं पाणी वर तळं करून राहू लागलं, की माती बदलायची वेळ झाली. घरात ही वेळ साधारण दीड-दोन वर्षांनी येते. बदलायला उन्हाळ्याची सुरुवात बरी, आणि नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचच मोठी असावी, कारण मुळं न पोचलेली माती ओलीच राहते. जुनी माती चाळून, कडक उन्हात वाळवून नव्या मिश्रणात एक तृतीयांशापर्यंत घेता येते. मुळं कुजून मेलेल्या झाडाची माती मात्र दुसऱ्या कुठल्याही कुंडीत घालू नये.