शिक्षकांचे सहाध्ययन : कोसबाड ते केंद्रशाळा

प्राथमिक शिक्षणाचा आढावा घेताना इमारती, पट आणि निकाल यांची गणना आपण निष्ठेने करतो. परंतु शिक्षक परस्परांकडून आणि विद्यार्थ्यांकडून काय शिकतात, ही बाब दप्तरात क्वचितच नोंदली जाते, आणि माझ्या मते शाळेचे बरेवाईट मुख्यत्वे तिच्यावरच अवलंबून असते.

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, आणि पुढे १९४५ मध्ये बोर्डीस सुरू झालेले ताराबाईंचे कार्य १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारल्यांची मुले गुरे राखावयास जात असल्यामुळे शाळेत येऊ शकत नाहीत, हे ध्यानी येताच ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी मुलांना बोल न लावता शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेची ही कल्पना कोणत्याही हुकुमातून निघाली नव्हती. मुलांचा दिनक्रम पाहून, त्यावर आपसांत विचारविनिमय करणाऱ्या शिक्षिकांना ती सुचली होती.

शिक्षकांनी परस्परांकडून शिकावे हे तत्त्व शासनाला अमान्य होते असे मुळीच नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) जवळपासच्या शाळांना एकत्र जोडणाऱ्या शाळासंकुलाची शिफारस केली. महाराष्ट्रात १९९४ पासून सुमारे दहा शाळांमागे एक केंद्र आणि एक केंद्रप्रमुख अशी रचना झाली, आणि एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या गुरुजींना समव्यवसायी माणसांत बसण्याची हक्काची जागा मिळाली.

केंद्रातील शिक्षकांच्या या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, काय घडावे? समजा, एका मुलाने ५२ मधून १७ वजा करून ४५ हे उत्तर लिहिले आहे. एकटा शिक्षक फुली मारून पुढे जाईल. पण तीच वही दहाजणांपुढे ठेवली, तर कोणाच्या तरी लक्षात येईल की हे मूल निष्काळजी नाही, प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक काढण्याचा स्वतःचा नियम ते इमानाने पाळीत आहे. मग दशकाचे गठ्ठे सोडून दाखवावे की त्या मुलालाच आपली रीत फळ्यापाशी सांगू द्यावी, यावर खरा वाद होईल. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शेजारचे मूल काड्या मोजून त्या उत्तराला हरकत घेईल, तेव्हा शिक्षकांच्या चर्चेचा धागा मुलांच्या हाती जाईल.

दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी शिक्षण परिषदेचा दिवस परिपत्रकांच्या वाचनात आणि मागविलेली माहिती मुदतीत भरून देण्यात खर्ची पडतो. याचा दोष केंद्रप्रमुखांवर ढकलणे अन्यायाचे आहे, कारण वरून विचारणा होते ती तक्त्यांची. वह्यांची कोणी करीत नाही. परिषदेचा पहिला तास प्रशासकीय कामास सर्वस्वी वर्ज्य करावा, प्रत्येक शाळेने आपल्या विद्यार्थ्याची एक तरी अडलेली वही सोबत आणावी, आणि द्विशिक्षकी शाळेत जो सहकारी वर्ग सांभाळण्यासाठी मागे राहिला असेल, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी त्याच वहीवर बोलण्यास शाळेच्या वेळापत्रकातच अर्धा तास राखून ठेवावा.