विश्लेषण : ऑपरेशनआधी तेच तेच प्रश्न पुन्हा का विचारतात?

नाव काय? ऑपरेशन कसले? कोणत्या बाजूचे? वॉर्डात उत्तरे दिलेली असतात, तरी ऑपरेशन थिएटरमध्ये हेच प्रश्न पुन्हा येतात. 'केसपेपरवर सगळे लिहिले आहे की,' म्हणून रुग्ण वैतागतो. पण केसपेपरवरचे नाव आणि टेबलावरचा माणूस एकच आहे का, हे त्या माणसालाच विचारणे सर्वांत सोपे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट'ची सुरुवात इथूनच होते.

काय आहे ही चेकलिस्ट?

जून २००८ मध्ये आलेली ही एका पानाची यादी. मुद्दे १९, टप्पे तीन. भूल देण्यापूर्वी रुग्णाची ओळख, ऑपरेशनच्या जागेवर केलेली खूण, ॲलर्जी, पल्स ऑक्सिमीटर तपासायचे. छेद घेण्यापूर्वी सगळ्यांनी क्षणभर थांबायचे. गरज असेल तर अँटिबायोटिक गेल्या ६० मिनिटांत दिले आहे ना, हे विचारायचे. रुग्णाला थिएटरबाहेर नेण्यापूर्वी अवजारे, सुया आणि गॉज मोजायचे. पोटात गॉज राहिल्याच्या बातम्या येतात, त्या या शेवटच्या टप्प्याशी संबंधित.

यादी तयार करणाऱ्या गटाचे नेतृत्व बोस्टनचे सर्जन डॉ. अतुल गावंडे यांनी केले. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. कल्पना मात्र विमानक्षेत्रातून आली. ऑक्टोबर १९३५ मध्ये अमेरिकेत बोइंगचे नवे बॉम्बर विमान चाचणीत कोसळले. यंत्रात बिघाड नव्हता. विमान उभे असताना लावलेले कंट्रोल लॉक काढायचे राहिले होते. चूक झाली ती कसलेल्या वैमानिकांकडून. त्यानंतर वैमानिकांच्या हाती यादी आली.

फरक पडला का?

दिल्ली, लंडन, मनिला, टांझानियातील इफाकारा यांसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत चेकलिस्टची चाचणी झाली. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, तर गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. एका कागदासाठी हे आकडे थक्क करणारेच.

मग कॅनडात काय झाले?

ऑन्टारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. चेकलिस्ट लागू होण्यापूर्वी मृत्यूचे प्रमाण ०.७१ टक्के होते, नंतर ०.६५. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नगण्य. कागदोपत्री मात्र जवळपास सर्वत्र चेकलिस्ट वापरात होती. याउलट अमेरिकेतील साउथ कॅरोलायनात १४ रुग्णालयांनी स्वेच्छेने, संपूर्ण टीमला सोबत घेऊन ती राबवली. तिथे ऑपरेशननंतरचे मृत्यू २२ टक्क्यांनी घटल्याचे २०१७ मध्ये समोर आले. दोन्ही अभ्यासांची पद्धत वेगळी, त्यामुळे थेट तुलना जपूनच करावी. तरी वरून आलेल्या आदेशावर खुणा करणे आणि टीमने थांबून यादी मोठ्याने वाचणे, यातला फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

यादीतला सर्वांत 'बिनकामाचा' वाटणारा मुद्दा इथे कळीचा ठरतो. छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. रोज एकत्र काम करणाऱ्यांना हे पोरकट वाटू शकते. पण थिएटरमध्ये सर्जनचा शब्द शेवटचा असतो आणि डावा-उजवा गोंधळ किंवा कमी भरलेले गॉज अनेकदा दुसऱ्याच कुणाच्या लक्षात येते. एकदा स्वतःचे नाव मोठ्याने सांगितलेल्या सिस्टरला 'सर, थांबा' म्हणणे थोडे सोपे जाते. चेकलिस्टवाचन संपल्यानंतर एकट्याने बसून सगळ्या चौकोनांत खुणा केल्या, तर नेमके हेच हरवते.

रुग्णाने काय करावे?

डावे-उजवे असलेल्या अवयवाचे ऑपरेशन असेल, तर खूण जागे असतानाच करून घ्यावी. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का, हे विचारण्याची वाट न पाहता भूलतज्ज्ञांना सांगावे. 'तुमच्याकडे सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट वाचतात का?' हे संमतीपत्रावर सही करताना विचारायलाही हरकत नाही.

मूळ चाचणीतील डॉक्टर-परिचारिकांनाही त्यांचे मत विचारले होते. सुमारे २० टक्के जणांना चेकलिस्टमध्ये फार वेळ जातो, असे वाटले. 'ऑपरेशन तुमचेच असेल तर?' या प्रश्नावर ९३ टक्के म्हणाले, चेकलिस्ट हवी.