संभाजीनगर : चार मुक्कामांची निवांत सहल

घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावहून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, शंभर ते सव्वाशे किलोमीटरवर आहे. एसटीने तीन-चार तासांचा रस्ता. या भागातल्या घरांचा शहराशी संबंध येतो तो घाटी दवाखान्यासाठी, कॉलेजच्या प्रवेशासाठी, खंडपीठातल्या तारखेसाठी किंवा लग्नाच्या बस्त्यासाठी. शहर पाहायला म्हणून जाणे झाले तर ते बहुधा एका दिवसात उरकले जाते. पहाटे जीप निघते. घृष्णेश्वर, वेरूळ, भद्रा मारुती, दौलताबाद, मकबरा आणि पाणचक्की अशी सहा ठिकाणे संध्याकाळपर्यंत होतात आणि मध्यरात्री मंडळी घरी परततात. अशा सहलीत वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी कैलास तेवढे पाहून होते आणि दौलताबादचा म्हणजेच देवगिरीचा किल्ला अर्ध्यातूनच सोडावा लागतो. चार मुक्काम काढले तर हाच प्रदेश क्रमाने उलगडतो, आणि खर्चही वाटतो तितका वाढत नाही.

जुनी शहरे निवांतपणे पाहण्याची रीत जगात सगळीकडे आहे. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावर किल्ला आहे, त्याच्या पायथ्यापासून उतरत जाणारा जुना रस्ता आहे आणि शेजारी अठराव्या शतकात आखलेले नवे शहर आहे. जुनी आणि नवी अशा दोन्ही वस्त्या १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. तिथे येणारे पाहुणे तीन-चार दिवस राहतात आणि बहुतेक भाग पायी पाहतात. संभाजीनगरच्या परिसरात पाहण्यासारखे त्याहून कमी नाही. वेरूळ आणि अजिंठा १९८३ पासून त्याच यादीत आहेत.

सहल आखण्याआधी इतिहासाचा क्रम ध्यानात घेतला तर पुढचे सगळे सोपे जाते. वेरूळची लेणी साधारण सहाव्या ते दहाव्या शतकातली. यादव राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास देवगिरीला राजधानी केली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि देवगिरीचे दौलताबाद केले. पुढे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी हे गाव वसवले. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, त्याचे फतेहनगर केले. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला तेव्हा त्याचे औरंगाबाद झाले. आसफजाही निजामांची पहिली राजधानीही हीच. १७६३ मध्ये ती हैदराबादला गेली.

वेळ निवडताना शेतीचे वेळापत्रक आणि हवा दोन्ही पाहावे लागतात. दिवाळीनंतर रब्बीची पेरणी उरकली की संक्रांतीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. उन्हाची तलखी नसते, किल्ला चढता येतो आणि दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात, त्या हंगाम संपेपर्यंत. श्रावण-भाद्रपदात डोंगर हिरवे होतात आणि वेरूळच्या कड्यावरून धबधबे कोसळतात, मात्र श्रावणी सोमवारी घृष्णेश्वरला आणि शनिवारी भद्रा मारुतीला प्रचंड गर्दी असते. एप्रिल-मे महिन्यांत काळा दगड असा तापतो की म्हातारी माणसे आणि लहान मुले घेऊन जाणे योग्य नाही.

वार निवडणे महिना निवडण्याइतकेच महत्त्वाचे. वेरूळ मंगळवारी बंद असते, अजिंठा सोमवारी. हे माहीत नसल्याने किती तरी कुटुंबे फाटकापासून परत फिरतात. रविवारी निघून गुरुवारी परतणे सर्वांत सोयीचे : सोमवार शहराला, मंगळवार दौलताबाद-खुलताबादला, बुधवार पूर्ण वेरूळला आणि गुरुवार पैठणला. अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटरवर आहे आणि त्याला स्वतंत्र दिवस लागतो. त्याला या सहलीत कोंबण्यापेक्षा पुढच्या वेळेसाठी राखून ठेवावे.

प्रवासाला एसटी पुरेशी आहे. घनसावंगी-अंबडवरून पुढे जालना किंवा पाचोडमार्गे शहर गाठता येते. ज्यांना रेल्वे बरी वाटते त्यांना परतूर स्टेशन जवळ. निजामाच्या राज्यात मनमाडकडे टाकलेल्या जुन्या लोहमार्गावरचे हे स्टेशन. गाडी जालन्यावरून थेट संभाजीनगरला जाते. महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना प्रवास मोफत, त्यामुळे आजी-आजोबांना घरी ठेवून जाण्याचे कारण उरत नाही. ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ हा महामंडळाचा चार किंवा सात दिवसांचा पासही आहे. तो घ्यावा की साधे तिकीट परवडते, हे घरात सवलतीचे प्रवासी किती आहेत यावरून ठरते. राहण्यासाठी मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधला भाग सोयीचा. पहिले दोन मुक्काम शहरात, तिसरा वेरूळला आणि चौथा पुन्हा शहरात असे जमले तर उत्तम.

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून फक्त दरवाजे आणि पाणी पाहावे. बावन्न दरवाजांचे शहर ही संभाजीनगरची जुनी ओळख. त्यातले बरेच नाहीसे झाले. उरलेल्यांपैकी भडकल दरवाजा आधी पाहावा. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून तो मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारला. दिल्ली दरवाजा, मकाई दरवाजा, पैठण दरवाजा यांखालून रोजची रहदारी चालू असते, त्यामुळे ते पाहायला तिकीट नाही आणि वेळेचे बंधनही नाही.

मलिक अंबर मूळचा हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. मराठी माणसाला तो जमीन महसुलाच्या व्यवस्थेमुळे आणि गनिमी काव्यामुळे आठवतो, पण या शहराला त्याची सर्वांत मोठी देणगी पाण्याची आहे. डोंगरात मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि खापरी नळांतून त्याने शहरात खेळवले. नहर-ए-अंबरी हे या योजनेचे नाव. जागोजागी उंच दगडी मनोरे बांधून पाण्याचा दाब सांभाळलेला होता. पाणी उपसायला ना बैल, ना मोट; सगळे काम उताराच्या जोरावर. पुढे याच धर्तीवर आणखी नहरी निघाल्या. पाणचक्की अठराव्या शतकातली. काही किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी नळांतून येते, उंचावरून हौदात पडते आणि त्याच जोराने जाते फिरते. बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी त्यावर धान्य दळले जाई. हौदाखाली गारव्याचे दालन आहे. मराठवाड्यात टँकरची सवय झालेल्या माणसाने तिथे थोडा वेळ बसून हा हिशेब समजून घ्यावा : दुष्काळी म्हणवल्या जाणाऱ्या या मुलखात विजेशिवाय शतकानुशतके पाणी वाहते राहिले होते.

सोमवारी सकाळी लवकर बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली. तिच्यासाठी मुलगा आझमशाह याच्या काळात ही वास्तू पुरी झाली. वास्तुकार अताउल्ला हा ताजमहालाच्या वास्तुकाराचा, उस्ताद अहमद लाहौरीचा, मुलगा. त्याचे आणि कारागीर हंसपतराय याचे नाव प्रवेशद्वाराच्या पितळी कामावर कोरलेले आहे. खर्च ६,६८,२०३ रुपये झाल्याची जुनी नोंद आहे. संगमरवर खालच्या भागापुरता आणि घुमटाला वापरला. मधल्या भिंती दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा. ताजची गरीब नक्कल म्हणून ही वास्तू हिणवली जाते. हे अन्यायाचे आहे. इथला चुन्याचा गिलावा, त्यातली पानाफुलांची नक्षी आणि मागे उभा डोंगर यांची स्वतःची शोभा आहे. ती जवळ जाऊन, भिंतीला डोळा लावून पाहावी लागते.

मकबऱ्यामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. साधारण सहाव्या-सातव्या शतकातली ही बौद्ध लेणी वेरूळ-अजिंठ्यामुळे झाकोळली गेली आणि सहलीच्या जीपा तिथे क्वचितच जातात. सातव्या लेण्यात संकटात सापडलेल्या भक्तांना तारणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे : आग, बुडते जहाज, हत्ती, सिंह, साप. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण वरून सगळे शहर दिसते. पायथ्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा परिसर पसरला आहे. विद्यापीठ १९५८ चे, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. त्यासाठीचा लढा मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाने पाहिला. बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय नागसेनवनात आहे. घरातली मुले शिकती असतील तर हा फेरफटका चुकवू नये. दुपार विश्रांतीला आणि संध्याकाळ गुलमंडी-पैठणगेटच्या बाजाराला. हिमरू शाल पाहून घ्यावी. सुताच्या ताण्यावर रेशमाचे विणकाम ही या शहराची जुनी कला. मांसाहारी मंडळींनी नान खलिया चाखावा.

मंगळवारी देवगिरी. सकाळी ऊन चढायच्या आत किल्ला चढावा. डोंगराचा खालचा भाग सगळ्या बाजूंनी तासून सरळ केला आहे आणि भोवती खडकात कोरलेला खंदक आहे, त्यामुळे वर जायला एकच वाट राहते आणि ती अंधारीतून जाते. वळणावळणांच्या या काळोख्या भुयारात शत्रूला गोंधळवण्याची सोय होती. आता तिथे वटवाघळे असतात, म्हणून टॉर्च जवळ असावा आणि लहान मुलांचा हात सोडू नये. खाली पंधराव्या शतकातला चाँद मिनार साठ मीटरांहून उंच आहे. शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह १६८७ नंतर ज्या चिनी महालात कैदेत होता, तोही वाटेतच. गुडघे दुखणाऱ्यांनी इथपर्यंत येऊन थांबले तरी पुष्कळ पाहिल्यासारखे होते.

हा किल्ला मराठी भाषेच्या इतिहासातही मोठा आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा, १२९० मध्ये, इथे रामचंद्रदेव यादवाचे राज्य होते आणि हेमाद्रिपंडित त्याचा कारभारी होता. शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ यादवांच्याच आश्रयाने झाला. पुढे सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी इथे किल्लेदार होते आणि पैठणचा एकनाथ नावाचा मुलगा गुरूच्या शोधात याच किल्ल्यावर आला. जनार्दनस्वामींची समाधी गडावर आहे.

दुपारी खुलताबादला जाताना वाटेत कागजीपुरा लागतो. हातकागद बनवण्याची तिथली परंपरा जुनी आहे. खुलताबादला भद्रा मारुतीची निद्रिस्त मूर्ती आहे. जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे, वर छप्पर नसलेली आणि मातीची; भोवतीची संगमरवरी जाळी मात्र नंतरची. मलिक अंबरची कबरही याच गावात. रात्री वेरूळला मुक्काम करावा. तिथे लॉज आणि भक्तनिवासाची सोय होते, पण आधी फोन करून खोली ठरवलेली बरी.

बुधवारी सकाळी घृष्णेश्वराचे दर्शन. सध्याचे मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधले. अंबडकडच्या मंडळींना अहिल्याबाईंची कामे घराजवळच पाहायला मिळतात, त्यामुळे इथली दगडाची जोडणी ओळखीची वाटेल. गाभाऱ्यात पुरुषांनी उघड्या अंगाने जायचे असते. वेरूळ हे मालोजीराजे आणि शहाजीराजे यांचे गाव. भोसल्यांच्या गढीची जागा जवळच आहे.

मग पूर्ण दिवस लेण्यांना. एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. डोंगराच्या कुशीत सुमारे दोन किलोमीटर पसरलेली. सगळी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून सकाळी आत अंधार असतो आणि दुपारनंतर ऊन थेट मूर्तींवर येते. त्यामुळे सकाळी कैलास बाहेरून आणि वरून पाहावे, दुपारी बौद्ध लेणी, उतरत्या उन्हात जैन. कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, आठव्या शतकाच्या उत्तरार्धातले. डोंगर वरून खाली खोदत नेला आणि नको तो दगड काढून टाकला; सुमारे दोन लाख टन दगड काढला असावा असा अंदाज केला जातो. कळस आधी आणि पाया शेवटी, त्यामुळे चूक झाली तर दुरुस्तीला जागा नव्हती. बाजूच्या पायवाटेने वर चढून खाली पाहिले की ही गोष्ट एका नजरेत कळते. मंदिराच्या दक्षिण भिंतीवर रामायण, उत्तर भिंतीवर महाभारत पट्ट्यापट्ट्यांनी कोरले आहे, आणि दक्षिणेलाच खाली कैलास हलवणारा रावण आहे. दहाव्या लेण्याला लोक ‘सुतार का झोपडा’ म्हणतात, कारण छताला दगडातच लाकडी फासळ्या कोरल्या आहेत. बत्तिसावे, इंद्रसभा, पाहिल्याशिवाय परत फिरू नये; पाय दमले असतील तर तिथपर्यंत वाहन मिळते.

या लेण्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास जगापुढे मांडणाऱ्यांत दोघे स्कॉटिश होते. जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांचा भारतातल्या लेण्यांवरचा ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला आणि लेण्यांना दिलेले क्रमांक रुळत गेले. त्याआधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराबरोबर पुण्याचा गंगाराम तांबट वेरूळची चित्रे काढत होता. मराठी वाचकाला गंगारामचे नाव माहीत असायला हवे.

गुरुवारी परतीच्या वाटेवर पैठण. शहरापासून पन्नास किलोमीटर दक्षिणेला असलेले हे गाव सातवाहनांचे प्रतिष्ठान. एकनाथांचा वाडा, गोदाकाठची त्यांची समाधी आणि पैठणीचे माग इथे पाहायचे. मागावर पैठणी विणताना पाहिली की तिची किंमत पटते. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये लोकार्पण झाले. इथून निघणारा डावा कालवा अंबड-घनसावंगीकडूनच पुढे परभणीकडे जातो. या भागातल्या उसाची पाळी ठरते ती धरणाच्या जलाशयातल्या, नाथसागरातल्या, साठ्यावर. पैठणहून पाचोड, अंबड आणि घनसावंगीमार्गे कुंभार पिंपळगावला परतता येते, म्हणजे शहराकडे उलटे जायला नको. आडवाटेच्या गाड्या कमी असतात. त्यामुळे पैठणला उतरल्या उतरल्या बसस्थानकावर चौकशी खिडकीत अंबडकडच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्यावी आणि नाथांचे दर्शन, माग आणि धरण त्या बेताने आटोपावे.