जुनाच रंग का दिसतो?

वेबसाइटवरचं लाल बटण हिरवं करायचं असतं. डेव्हलपर सीएसएसच्या फाइलमधली एक ओळ बदलतो, फाइल सर्व्हरवर चढवतो. त्याच्या पडद्यावर बटण हिरवंगार. तेवढ्यात ग्राहकाचा फोन येतो, "अहो, इथे अजून लालच आहे!" कंट्रोल आणि एफ-५ दाबून बघा, असं त्याला सांगावं, तर तो बघतोय मोबाइलवर.

पानाचे रंग, अक्षरं, मोकळ्या जागा ठरवणारी सीएसएस होकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये सर्न या संशोधन केंद्रात असताना सुचवली. ही फाइल हाती येईपर्यंत ब्राउझर सहसा पान रंगवतच नाही. साइटच्या सगळ्या पानांना तीच लागते. म्हणून ती एकदा आणून तो कॅशमध्ये जपून ठेवतो. साखरेचा डबा घरात असला की दर चहाला वाण्याकडे धावावं लागत नाही, तसं.

डबा किती दिवस पुरवायचा, हे सर्व्हर 'कॅश-कंट्रोल' या सूचनेतून सेकंदांत सांगतो. मुदत संपली तरी ब्राउझर फाइल लगेच टाकून देत नाही. जवळची 'ई-टॅग' ही खूण दाखवून तो विचारतो, बदललीय का? नसेल, तर ३०४ क्रमांकाचं चिमुकलं उत्तर येतं आणि जुनीच फाइल पुढे चालते.

सर्व्हरने मुदत सांगितलीच नाही तर? खरी गोची इथे होते. मग ब्राउझर स्वतःच अंदाज बांधतो. फाइल शेवटची बदलून जितका काळ लोटला, त्याच्या १० टक्के ही रूढ मोजणी. १०० दिवस जशीच्या तशी राहिलेली फाइल आणखी १० दिवस ताजी धरली जाते. ग्राहकाचं लाल बटण बहुधा इथेच अडकलेलं असतं.

घरोघरच्या ब्राउझरना निरोप धाडून डबे रिकामे करवता येत नाहीत. त्यावरचा तोडगा फार सुंदर आहे : फाइलचं नावच बदलायचं. मजकुरावरून एक ठसा काढून तो नावात गुंफतात. एक अक्षर बदललं की ठसा बदलतो, आणि नवं नाव ब्राउझरला अनोळखी असल्याने तो फाइल मुकाट्याने मागवतो. 'रूबी ऑन रेल्स' या वेबसाइट बांधायच्या चौकटीने २०११ मध्ये ही पद्धत अंगभूत केली. मग मुदत ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे अख्खं वर्ष, बिनधास्त द्यावी. फक्त ते नाव सांगणारं एचटीएमएल पान मात्र दर वेळी तपासून घ्यायला लावावं.

घाईत एक क्रम हमखास चुकतो. आधी नवी सीएसएस चढवायची, मग पान. उलट केलं, तर नवं पान अजून न पोचलेली फाइल मागतं आणि वाचकापुढे उघडाबोडका, रंगहीन मजकूर येतो. जुनी फाइलही काही दिवस राहू द्यावी. सकाळी उघडलेलं पान कुणाच्या तरी टॅबमध्ये अजून तसंच असतं.