दार ठोठावले, पण उघडेना!

शाळेच्या ग्रंथालयाची यादी संगणकावर ठेवायची, तर दोन आज्ञावल्यांची गाठ घालावी लागते. पहिली यादी सांभाळते. तिला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. दुसरी वाचकाचा प्रश्न पहिलीकडे नेते आणि मिळालेले उत्तर पडद्यावर मांडते. समजा, पहिली मायएसक्यूएल आहे आणि दुसरी पीएचपी भाषेत लिहिली आहे. दोघी स्वतंत्रपणे चालतात. म्हणूनच दुसरी चोख असूनही कधीकधी पुस्तकांऐवजी एक चार आकडी क्रमांक व इंग्रजी ओळ उमटते. पुष्कळ विद्यार्थी ती न वाचताच आज्ञावलीत खाडाखोड सुरू करतात. वास्तविक दुखणे कोठे आहे, हे त्या ओळीतच असते.

जोडणी टप्प्याटप्प्याने होते. आधी सर्व्हरचा पत्ता सापडला पाहिजे. मग त्याचे ठरलेले दार, म्हणजे पोर्ट (मायएसक्यूएलचे नेहमीचे ३३०६), उघडे हवे. नंतर नाव व पासवर्ड पटले पाहिजेत आणि शेवटी हवा तो डेटाबेस तेथे असला पाहिजे.

क्रमांक २००२ असेल, तर गाडी पहिल्या दोन टप्प्यांतच अडली. सोबत ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल, तर संगणक सापडला, पण दारामागे कोणी नाही; बहुधा सर्व्हर सुरूच केलेला नसतो. याच क्रमांकासोबत कधी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे शब्द येतात आणि बिचारा विद्यार्थी आपली फाइल शोधत बसतो! हरवलेली फाइल त्याची नसतेच. लिनक्ससारख्या प्रणालींवर पत्ता ‘लोकलहोस्ट’ लिहिला, की पीएचपी पोर्टाने न जाता ‘सॉकेट’ नावाच्या एका खास फाइलीतून जाऊ पाहते. ती अपेक्षित जागी नसते, एवढेच. अशा वेळी पत्ता १२७.०.०.१ असा लिहून पाहावा. हाही त्याच संगणकाचा पत्ता. पण आता वाट पोर्टाची. जोडणी झाली, तर सर्व्हर ठणठणीत आहे, फक्त सॉकेटची जागा चुकली आहे, असे समजावे.

१०४५ दिसला, तर निराश होऊ नका. सर्व्हरने दार उघडून नकार दिला, म्हणजे तो जागा आहे! ओळीच्या शेवटी ‘यूझिंग पासवर्ड : नो’ असेल, तर पासवर्ड चुकलेला नाही, तो पोचलाच नाही. आणखी एक गोष्ट : मायएसक्यूएल नावाबरोबर पाहुणा कोठून आला हेही तपासते. त्यामुळे एका संगणकावरून चालणारे नाव दुसऱ्यावरून नाकारले जाऊ शकते. वैतागून सर्वाधिकारी ‘रूट’ खाते पासवर्डाशिवाय मोकळे सोडणे हा उपाय नव्हे. तो घराचे दार काढून टाकण्याचा प्रकार झाला.

१०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही. विंडोजवर लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद चालून जातो, लिनक्सवर सामान्यतः चालत नाही.

निकालाच्या दिवशी मात्र १०४० भेटतो : जोडण्या फार झाल्या. मायएसक्यूएल मुळात १५१ जोडण्यांची मर्यादा घालून येते. ती वाढवता येते, पण प्रत्येक जोडणी स्मृती खाते. काम होताच जोडणी सोडून देणे अधिक बरे.

हे संदेश वाचकांच्या पडद्यावर मात्र उमटू देऊ नयेत. त्यांत खात्याचे नाव आणि कधी पासवर्डही उघडा पडतो. वाचकाला ‘थोड्या वेळाने पाहा’ एवढेच दाखवावे. क्रमांक व ओळ सर्व्हरवरील नोंदफाइलीत जाऊ द्यावी.