कीड ओळखावी तोंडावरून

सकाळी उन्हं चढण्याआधी भेंडीचं पान हळूच उलटं करावं. शिरांच्या कडेला पोपटी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे तुडतुडे दिसतात. बोट जवळ नेलं की सरळ न पळता तिरके सरकतात. त्याच पानावर पांढरी माशीही असते, धक्का लागताच भुर्रकन उडणारी. दोन्ही रसशोषक, म्हणून दोघांवर एकच औषध मारलं जातं. पण दोघांची खाण्याची तऱ्हा वेगळी आणि नुकसानही वेगळं.

तुडतुडा सोंड खुपसून पेशी फोडतो आणि लाळ सोडतो. पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग तांबूस होतात आणि पान द्रोणासारखं वळून करपतं. वांग्यावरही हेच. लांबून पाहणाऱ्याला तो रोग वाटतो आणि बुरशीनाशकाचा खर्च फुकट जातो.

मावा आणि पांढरी माशी पेशी फोडत बसत नाहीत. त्यांची केसाहून बारीक सोंड पेशींच्या फटींतून वाट काढत थेट अन्नवाहिनी गाठते. तिथला रस दाबाखाली असल्याने आपसूक वर येतो. त्यात साखर भरपूर, अमिनो आम्लं मात्र बेताची. ती पुरेशी मिळेपर्यंत रस पीत राहायचं आणि जास्तीची साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकायची, हा त्यांचा दिनक्रम. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. माव्याला तर एवढ्यानेही भागत नाही. कमी पडणारी अमिनो आम्लं त्याच्या शरीरातले जिवाणू बनवून देतात.

फुलकिड्यांना धड असा एकच जबडा असतो, तोही डावा. त्याने कांद्याची पात टोचून ते पेशी रिकाम्या करतात; पातीवरचे रुपेरी चट्टे त्यामुळेच. मिरचीची पानं फुलकिड्यांमुळे वर वळतात. खाली वळली असतील, तर कोळ्याचा संशय घ्यावा. तो आठ पायांचा, कीटकच नव्हे. बरीच कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत.

पण खरा घात या किड्यांनी पसरवलेल्या विषाणूचा. भेंडीच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या हळद्या या विषाणूरोगाची नोंद मुंबई इलाख्यात १९२४ची. पांढरी माशी रोगट झाडाचा रस पिते, विषाणू तिच्या अंगात फिरून लाळेत येतो आणि पुढच्या झाडात जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या जातीचा रानटी भाईबंदाशी संकर करून हळद्याला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ ही जात दिली. पुढे तिच्यावरही हळद्या आला.

काकडीवरचा मोझॅक विषाणू आणखी चपळ. झाड पसंत आहे का हे पाहायला मावा नुसती सोंड टोचतो, तेवढ्या काही सेकंदांत विषाणू आत जातो; औषधाने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. रोग आल्यावर फवारणी वाढवणं म्हणूनच निव्वळ समाधान आहे. किडा मरतो, झाडातला विषाणू मरत नाही.

तेव्हा शिरा पिवळ्या पडलेलं भेंडीचं पहिलं झाड दिसताच ते उपटून शेताबाहेर पुरा. पंपाला हात लावायचा तो पान उलटून पाहिल्यावरच.