हदगावची पायवाट कोणाच्या कामी येते?

पायी भटकायचं तर सह्याद्रीत, मराठवाड्यात काय आहे? असं नांदेडची माणसंही म्हणतात. हदगाव तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा वाहते, पलीकडे विदर्भ. नदीबरोबर खाली निघालं की किनवट तालुक्यात इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा, पुढे सागवानी पैनगंगा अभयारण्य आणि माहूर. पाहण्यासारखं इथे भरपूर आहे. उणीव आहे ती नीट चालणाऱ्यांची.

‘पर्यटक आले की गावाला पैसा मिळतोच’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. गाडी नांदेडची, डबा शहरातला, पाण्याच्या बाटल्याही तिथल्याच, मग गावाच्या वाट्याला उरतो तो कचरा. पैसा राहतो तो मुक्कामाच्या आणि जेवणाच्या गावात. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत पाहुणे गावातच उतरतात, गावच्याच घरांत जेवतात आणि वाट दाखवणाराही गावचाच असतो. हे इकडे का जमू नये? हदगाव तालुक्यातल्याच तामशाला संक्रांतीच्या करीला बारालिंग देवस्थानात भाजी-भाकरीची पंगत बसते, घरोघरच्या भाकरी तिथे येतात. एवढ्या माणसांना जेवू घालणाऱ्या मुलखात दहा पाहुण्यांची सोय एखादा महिला बचत गट सहज करील. मात्र आदल्या दिवशी कळवावं आणि घासाघीस न करता पैसे द्यावेत.

‘चालणाऱ्यामुळे निसर्गाचं काय बिघडतं?’ असंही विचारलं जातं. टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती मातीत मिसळून जातात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. साताऱ्याच्या कास पठारावर फुलं तुडवली जाऊ लागली, तेव्हा दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा घालावी लागली.

जंगल अभयारण्याच्या हद्दीपाशी संपतं, हेही खरं नाही. 2019 मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ किनवटचं जंगल आणि पैनगंगा अभयारण्य ओलांडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे कळलं की तो 1,300 किलोमीटरहून जास्त चालला होता. वाटेत नुसतं जंगल नव्हतं, शेतशिवार आणि ओढे-नालेही होते. म्हणून नाल्याकाठची झुडपं तोडून तिथे शेकोटी करू नये, गाणी लावू नयेत. उभ्या पिकातून तर मालकाला विचारल्याशिवाय पाऊलही टाकू नये.

‘जंगल सरकारचं, म्हणजे सगळ्यांचं’ म्हणून थेट आत शिरता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार बाहेरच्या माणसाला अभयारण्यात जायला वनविभागाची परवानगी लागते. वाटाड्या त्या गावचा घ्यावा. पाणवठा कुठे आणि अस्वलाची वाट कुठली, हे त्यालाच ठाऊक असतं.

आणि सहस्रकुंड पावसाळ्यातच पाहावा, हे अर्धंच खरं. धार तेव्हाच भरते, पण कातळ निसरडे असतात. वर इसापूर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की डोक्यावर ऊन असतानाही नदी चढते. सलग चालायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडावा, आणि धबधबा पावसाळ्यात पाहिलाच, तर काठापासून लांब उभं राहून.